दोन मिनिटांत काय सांगू? (सेटलमेंट हाऊस आणि सरकारी पैसा)

जमाखर्च

मंडळी, थोडी मदत हवी आहे. न्यूयॉर्कमधल्या एका सेटलमेंट हाऊसमध्ये मी गेली नऊ वर्षं हिशोब बघते. पुढच्या बुधवारी सिटी कौन्सिलची बजेटवर सुनावणी आहे. दरवर्षी आमच्या डायरेक्टरबाई जातात, या वर्षी त्यांनी मला पुढे केलंय. "आकडे तुझ्या डोक्यात असतात, तूच बोल" म्हणाल्या. बोलायला मिळतात दोन मिनिटं. घरी घड्याळ लावून बोलून पाहिलं तर पाचव्या मिनिटाला मी अजून प्रस्तावनेतच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेटलमेंट हाऊस म्हणजे वस्तीतलं सगळ्यांचं घर. एकाच इमारतीत सकाळी बालवाडी, दुपारी आजीआजोबांचं जेवण आणि पत्ते, तीननंतर शाळेतून सुटलेली पोरं, संध्याकाळी मोठ्यांचे इंग्रजीचे वर्ग. आणि दिवसभर कुणी ना कुणी दारात, हातात न समजलेलं एखादं पत्र घेऊन. शहरात अशी ४० हून अधिक घरं आहेत.

पैसा बहुतेक सरकारी. पण "घराला" म्हणून कुणीच देत नाही. बालवाडीचं कंत्राट एका खात्याचं, जेवणाचं दुसऱ्याचं, पोरांच्या वर्गाचं तिसऱ्याचं. काही पैसा शहराचा, काही राज्याचा, काही वॉशिंग्टनहून झिरपत आलेला. आधी तुम्ही खर्च करायचा, मग पावत्या लावायच्या, मग यथावकाश पैसे. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. एका खात्याच्या (नाव घेत नाही, पोट आहे मागे) कंत्राटावर गेल्या वर्षी शेवटचा शिक्का पडला फेब्रुवारीत. पोरं मात्र सप्टेंबरातच आली होती, आणि पगार दर पंधरवड्याला द्यावाच लागतो. मधल्या काळात बँकेची उचल. त्या उचलीचं व्याज कुठल्याच कंत्राटात बसत नाही.

आता माझं रोजचं काम ऐका. टॉयलेट पेपरची पेटी आली की तिची किंमत पाच कंत्राटांत वाटायची. बालवाडी ३८ टक्के, ज्येष्ठ २७, असं. ऑडिटर विचारतो, ३८ च का? तर त्याचा वेगळा कागद. आणि दाराशी बसणारी आमची बाई, जिला तीन भाषा येतात आणि वस्तीतली निम्मी माणसं नावाने ओळखता येतात, ती कुठल्याही कार्यक्रमाची नाही. तिचा पगार मी दर महिन्याला इकडून तिकडून ठिगळं लावून उभा करते.

दोन मिनिटांत यातलं काय सांगू?

पोटमाळा

शीर्षकात सेटलमेंट वाचून मला वाटलं कुणाची तरी मांडवली चाललीय. मुंबईकर आहे, माफी असावी. वाचतोय.

सोलापुरी_चादर

आमच्याकडे या शब्दाला वेगळाच वास आहे. सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की जुन्या माणसांना तारेचं कुंपण आठवतं. इंग्रजांनी जमातीच्या जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवल्या (मूळ कायदा १८७१ चा) आणि त्यांना कुंपणात ठेवून हजेरी लावायला सुरुवात केली. कायदा १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. नाव मात्र वस्तीला चिकटून राहिलं. रिक्षावाला अजून "सेटलमेंटला का?" असं विचारतो.

म्हणजे एकाच शब्दाची दोन घरं. एकात सरकार लोकांना कोंडून मोजत होतं. तिथल्या पहारेकऱ्यांचे पगार थकले असं काही ऐकिवात नाही.

तळघर

सोलापुरी, कडक!

ताईंच्या शब्दाचा उगम लंडनचा. १८८४ मध्ये व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या जोडप्याने टॉयनबी हॉल काढला. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी वस्तीत येऊन राहायचं, 'सेटल' व्हायचं, शेजारी म्हणून. दोन वर्षांत स्टँटन कॉइटने तेच रोप न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला लावलं. १८८९ मध्ये शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांचं हल हाऊस, १८९३ मध्ये लिलियन वॉल्डचं काम, ज्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभं राहिलं.

सुरुवातीला सगळा पैसा धनिकांचा. हेन्री स्ट्रीटचं घर जेकब शिफ या बँकरने घेऊन दिलं. पण या बायका हुशार होत्या. स्वतःच्या पैशाने एखादी गोष्ट करून दाखवायची आणि मग ती सरकारच्या गळ्यात घालायची. १९०२ चं उदाहरण मला फार आवडतं. न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर यायचे, डोळे आलेल्या, खरूज झालेल्या पोरांना घरी पाठवायचे आणि निघून जायचे. पोरं घरीच, कारण आईबापांना ना पत्र वाचता येई ना औषध परवडे. वॉल्डबाईंनी आपली एक नर्स, लीना रॉजर्स, एक महिना चार शाळांसाठी दिली. ती पोरांना शाळेतच मलम लावायची, घरी जाऊन आईला दाखवून यायची. गैरहजेरी इतकी उतरली की शहराने आणखी १२ नर्सेस स्वतःच्या खर्चाने नेमल्या. अमेरिकेत शाळेतली नर्स अशी जन्माला आली.

तेव्हा ताई, सरकारी पैसा ही या घरांवरची मेहेरबानी नाही, त्यांनीच तो रस्ता खणलाय. हे पहिल्या २० सेकंदांत सांगा.

पैपैचा_हिशोब

मी उलट्या बाजूने बोलतो, राग मानू नका. न्यू जर्सीत राहतो, कर भरतो, आणि ठाण्यात असताना 'सामाजिक संस्था' नावाखाली काय काय चालतं तेही पाहिलंय. कागदावर ४० मुलं, प्रत्यक्षात कुलूप. "घराला म्हणून पैसे द्या" हे ऐकायला गोड आहे. पण माझ्या पैशाचं काय झालं हे विचारायची सोय त्यात कुठे आहे? पावती मागणं हा गुन्हा नव्हे.

दुसरं. तळघर यांनी हल हाऊसचं नाव घेतलं, पण शेवट सांगितला नाही. जेन अ‍ॅडम्सना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. तिच्या नावाची ती संस्था जानेवारी २०१२ मध्ये दिवाळं काढून बंद पडली. बहुतेक सगळं उत्पन्न सरकारी कंत्राटांचं होतं. मंदी आली, राज्याने हात आखडता घेतला, देणगीदार जोडलेले नव्हते. आधी वसंतात बंद करू म्हणाले आणि जानेवारी संपायच्या आत कुलूप लागलं. १२२ वर्षं! जो सरकारच्या ताटात जेवतो त्याने ताट ओढलं जाणार हे धरून चालावं.

पोटमाळा

आता रंग चढला. चहा टाकतो.

आलं_घातलेला_चहा

माझं नाव निघाल्यासारखं वाटलं म्हणून लिहिते. 😄

२००९ मध्ये मी क्वीन्समध्ये आले, एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्याच्या बायकोचा व्हिसा). म्हणजे तेव्हा नोकरी करायची नाही. मुलगी दोन वर्षांची, नवरा सकाळी ७ ला बाहेर, थंडी अशी की खिडकी उघडायची भीती. पुण्यात एम.ए. झालेली मी, पण भाजीवाल्याशी बोलताना घसा कोरडा पडायचा. कुणीतरी सांगितलं, दोन चौक सोडून एक घर आहे, तिथे इंग्रजीचा वर्ग चालतो. फुकट.

वर्गात एक्वाडोरची एक, बांगलादेशच्या दोघी, एक चिनी आजोबा आणि मी. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हा वर्ग ज्या पैशावर चालतो त्यांना शेवटी किती जण नोकरीला लागले ते हवं असतं. तुला तर नोकरी करता येत नाही. म्हणजे माझ्या कागदावर तू शून्य आहेस. मी वही मिटायला लागले तर म्हणाल्या, "बस गं, शून्याला खुर्ची लागतेच की."

दोन वर्षं बसले. मुलगी खाली खेळायची. पुढे त्याच घरात मी मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या आज्यांसाठी दवाखान्यात दुभाषी म्हणून जायला लागले, अर्थात फुकट. तेही कुठल्या कागदावर आलं असेल असं वाटत नाही. पैपै, तुमचं पावतीचं म्हणणं पटतं. पण मी त्या पावतीवर कुठे आहे ते मला अजून सापडलं नाही.

पैपैचा_हिशोब

ताई, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही. पण एका चांगल्या बाईवर योजना बेतता येत नाही. ती बाई गेली, दुसरी आली, तिने तुम्हाला बाहेर काढलं असतं तर?

आलं_घातलेला_चहा

अहो, म्हणूनच तर कागद बदलायला हवा ना!

डिलाईल_रोड

उशिरा आलो. सगळे न्यूयॉर्क-शिकागो करताय, जरा गिरणगावात या.

वडील गिरणीत होते. आमच्या चाळीपासून पाच मिनिटांवर कामगार कल्याण केंद्र. सकाळी शिशुमंदिर, दुपारी आईचा शिवणक्लास, संध्याकाळी वाचनालयात वर्तमानपत्रासाठी रांग आणि मागे कॅरम. ताईंच्या घराचं वर्णन वाचताना मला तिथल्या फिनाइलचा वास आला. आईचं शिवणाचं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. संपानंतर, म्हणजे ८२ नंतर, त्या मशीनवरच घर चाललं.

त्याचा पैसा कसा यायचा ते ऐका. १९५३ मध्ये मुंबई कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाचे त्याच्या तिप्पट, आणि सरकारचा वाटा. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरला. महाराष्ट्रात नोकरी केलेल्यांनी पगाराची जुनी चिठ्ठी काढून बघा, १२ रुपये कापलेले दिसतील. ते कशाचे हे निम्म्यांना ठाऊक नसतं. इथे कंत्राट नाही, दरवर्षी कुणापुढे हात पसरणं नाही. कायद्याने ठरलेला निधी.

सोन्याचा मुलामा देत नाही. गिरण्या गेल्या तसे कामगारही गेले, आणि आमच्याकडचं केंद्र पुढे नुसतं हॉल भाड्याने द्यायचं ठिकाण होऊन बसलं. हक्काचा पैसा असला की माणसं सुस्तावतात, हेही पाहिलंय.

आणि तळघर, शिकागोचं एक रोप आपल्याकडेही आहे. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि १९२० च्या दशकात त्यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर १९३६ मध्ये भारतातली समाजकार्याची पहिली शाळा निघाली ती त्याच इमारतीत, आणि तिचे पहिले संचालक मॅनशार्टच. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. त्याच्याही आधी, १९११ मध्ये, ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली होती. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. परळचा दामोदर हॉल त्यांचाच.

तळघर

नागपाड्याचं माहीत होतं, पण १२ रुपयांचं अजिबात नाही. माझ्याही पगारातून कापले जायचे आणि मी एचआरशी भांडलो होतो त्यावरून. 🙈

जमाखर्च

बापरे, दोन दिवस कामात होते, इथे एवढं झालं! सगळ्यांचे आभार. एकेक घेते.

पैपै, तुमच्यावर राग नाही. माझं पोट पावत्यांवरच चालतं. पण हल हाऊसचा धडा मी जरा वेगळा वाचते. तिथे सरकारी पैसा होता, आणि तो असा होता की त्यातून एक छदामही शिल्लक टाकता येत नव्हती. आमच्याकडेही तेच. कंत्राटाचे पैसे वर्षाअखेर उरले तर परत जातात, कमी पडले तर आमचं नशीब. समजा एका मुलामागे १०० डॉलर खर्च येतो आणि खातं देतं ८५. मग जितकी जास्त मुलं तितका जास्त खड्डा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधली एफईजीएस नावाची अवाढव्य समाजसेवी संस्था बसली ती काही काम कमी होतं म्हणून नाही. तुम्ही व्यवसायात असाल तर अशा गिऱ्हाईकाला दारात उभं करणार नाही. आम्हाला गिऱ्हाईक हेच एक.

देणग्यांचं म्हणाल तर वर्षाला एक जेवणावळ होते, मोठ्या हॉटेलात, टेबलं विकून. त्यातला बराच पैसा त्या जेवणावळीतच जातो. उरतो त्यातून बँकेचं व्याज. म्हणजे देणगीदाराला वाटतं आपण मुलांना पुस्तकं दिली, प्रत्यक्षात त्याने सरकारची उधारी फेडलेली असते. हे त्याला सांगत नाही आम्ही.

शहर काहीच करत नाही असंही नाही. २०२२ मध्ये मेयर आणि कंट्रोलर (शहराच्या हिशोबावर नजर ठेवणारा अधिकारी) यांनी मिळून साचलेली कंत्राटं निपटायची मोहीम काढली, ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोकळी झाली. विचार करा, केवढी अडकलेली होती! पैसे येईपर्यंत पूल म्हणून बिनव्याजी कर्जाचा एक फंडही आहे. २०२४ मध्ये आमच्यासारख्यांच्या पगारवाढीसाठी तीन वर्षांत मिळून ७४ कोटी डॉलर ठरले, साधारण ८०,००० माणसांसाठी. दरवर्षी ३ टक्के. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला विचारलं, "म्हणजे तासाला किती?" मी सांगितलं. त्या हसल्या. पण त्याआधीची वर्षं जवळजवळ शून्यात गेली होती, म्हणून मी वाढीला नावं ठेवणार नाही.

वॉशिंग्टनचं तर बोलूच नका. २०२५ च्या जुलैत शाळेनंतरच्या वर्गांचा केंद्राचा पैसा अडवून ठेवला आणि जवळपास तीन आठवड्यांनी सोडला. त्या तीन आठवड्यांत शिक्षकांना "बहुतेक" या शब्दावर बांधून ठेवावं लागलं.

डिलाईल रोड, ते १२ रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत. कौन्सिलसमोर मुंबईचा १९५३ चा कायदा काढला तर काय चेहरे होतील!

चहाताई, तुमची शून्याची खुर्ची मी घेऊन जाऊ का? नाव न सांगता?

आलं_घातलेला_चहा

घ्या की. त्या बाई निवृत्त झाल्या, त्यांना आवडेल.

पैपैचा_हिशोब

जमाखर्च, ८५ आणि १०० चं उदाहरण आधी दिलं असतंत तर मी एवढं लांबण लावलं नसतं. पुरा खर्च द्या, वेळेवर द्या, हे मान्य. आगाऊ द्या, हेही. पण 'मोकळा पैसा' म्हणू नका, माझ्यासारखा माणूस तिथेच कान बंद करतो. "दाराशी बसणाऱ्या बाईचा पगार, बॉयलर, हिशोबनीस" अशी यादी द्या. मोकळ्या पैशाला विरोध करता येतो, बॉयलरला विरोध कोण करणार?

सोलापुरी_चादर

पैपैशी मी पहिल्यांदाच सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

तळघर

आणि इतिहास वगळा. माझे २० सेकंद परत घेतो. दोन मिनिटांत १९०२ बसणार नाही.

जमाखर्च

बॉयलर! पैपै, तुम्हाला कसं कळलं? गेल्या जानेवारीत तोच गेला. मंगळवार होता, बाहेर उणे सात. पाचही कंत्राटं चाळली. कार्यक्रमाच्या वस्तू चालतील, खाऊ चालेल, रंगखडू चालतील. इमारतीचं यंत्र म्हणजे भांडवली खर्च, त्याचा अर्ज वेगळा, निकाल पुढच्या वर्षी. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ते इकडेही तसंच आहे. बालवाडी बंद ठेवली असती तर त्या दिवसांची हजेरी शून्य, म्हणजे कंत्राटातून तेवढे पैसे कापले जाणार. दोन दिवस पोरं कोट घालून बसली, आज्यांना वरच्या मजल्यावर हीटरशी नेलं, आणि शेवटी बँकेची उचल.

ठरलं. बॉयलर, दारातली बाई, शून्याची खुर्ची. बास.

पोटमाळा

बुधवारी काय झालं ते लिहा हं. धागा अर्धा सोडून पळणारे खूप पाहिलेत.

जमाखर्च

पळाले नाही, झोपले होते.

सकाळी साडेनऊला नाव नोंदवलं. माझ्या आधी खात्यांचे अधिकारी, ते चार तास. मग आम्ही. ग्रंथालयवाले, बागांवाले, बेघरांसाठी काम करणारे, एक आजोबा जे दरवर्षी फक्त बसथांब्याच्या बाकावर बोलतात. माझा नंबर लागला पावणेसातला. तोवर समोर तीन सदस्य उरले होते, त्यातले एक फोनवर.

बॉयलर सांगितला. फोनवाल्याने मान वर केली. खुर्चीचं सांगायला घेतलं आणि "शून्याला खुर्ची..." इथे घंटी वाजली. माइक बंद. दारातली बाई राहिलीच.

उठत होते तेवढ्यात अध्यक्षबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, लेखी निवेदनात तुम्ही फ्रंट डेस्कचं लिहिलंय, ती व्यक्ती आत्ता कुठल्या कंत्राटावर आहे? मी खरं ते सांगितलं. सोमवार-मंगळवार ज्येष्ठांच्या, बुधवार-गुरुवार बालवाडीच्या, शुक्रवारी कुणाच्याच नाही. बाईंनी विचारलं, मग शुक्रवारी दाराशी कोण असतं?

म्हटलं, तीच.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते कळायला जूनअखेर उजाडेल.

पैपैचा_हिशोब

लेखी निवेदनात ८५/१०० घातलंत ना?

जमाखर्च

पहिल्याच ओळीत. आणि आज सकाळी त्या खात्याचे पैसे आले. नोव्हेंबरचे.